एका फळीची खडखड

मी वैजापूरचा. आमच्याकडे पाण्याचं बोलणं 'आलं का?' इथे सुरू होतं आणि 'आता परत कधी?' इथे संपतं. नांदूर मधमेश्वरच्या कालव्याला आवर्तन सुटलं की त्याची बातमी होते. गोदावरी तालुक्याच्या दक्षिण कडेने जाते, पण नदीत पोहायला शिकलेले लोक माझ्या पिढीत मला फारसे भेटले नाहीत. अशा गावचा माणूस शिडाच्या होडीवर लेख लिहितोय म्हटल्यावर मित्रांनी आधी पोटभर हसून घेतलं.

खरं तर हा लेख होडीच्या पोटातल्या एका फळीबद्दल आहे.

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्यात आलो आणि एका सहकाऱ्याच्या नादाने शहराजवळच्या एका धरणावर सेलिंग शिकायला लागलो. तिथल्या क्लबात प्लायवूडची एक जुनी 'एंटरप्राइज' जातीची होडी आहे. तिची मधली फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, इतकी सैल झाली होती की होडी काठाला बांधून ठेवली तरी प्रत्येक लाटेसरशी ठक-ठक वाजायची. आणि वारा चांगला लागून वेग आला की अख्खी होडी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणायची. नवी मुलं तिच्यात बसायला बिचकायची. 'मोडीत काढू या' असं बोलणं सुरू झालं होतं. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

दुरुस्तीला चार रविवार लागले. मधल्या रात्री या फळीचा इतिहास वाचण्यात गेल्या. वाचताना एक गोष्ट परत परत समोर येत राहिली. जुन्या जहाजांच्या शिडांची चित्रं सापडतात, तोफांच्या याद्या सापडतात, लढायांच्या तारखा सापडतात. पण पाण्याखाली जहाजाला धरून ठेवणारा जो भाग, त्याच्याबद्दल कोणी फार लिहीत नाही. तो मोडला किंवा वाजायला लागला, तरच त्याचं नाव कागदावर येतं. बॅकएंडवर काम करणाऱ्या माणसाला ही तऱ्हा ओळखीची वाटली.

फळी करते काय?

वारा पाठीमागून असेल तर होडी चालवायला डोकं लागत नाही. खरी गंमत वाऱ्याच्या तोंडी जायचं असतं तेव्हा. थेट तर जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. आणि असं तिरकं जाताना शिडावरचा बहुतेक जोर होडीला पुढे नाही, आडवा ढकलत असतो.

मग होडी पुढे कशी जाते? ओला चिंचोका दोन बोटांत धरून दाबून बघा. तो कुठल्याच बोटाच्या दिशेने जात नाही, चिमटीतून पुढे सटकतो. होडीचं तसंच आहे. एक बोट म्हणजे शिडातला वारा, दुसरं बोट म्हणजे तळातून पाण्यात उभी उतरलेली फळी. वारा आडवा ढकलतो, फळी आडवं जाऊ देत नाही, आणि होडी पुढे सटकते. फळी वर ओढून घेतली तर एक बोट काढून घेतल्यासारखं होतं. होडी नाक एकीकडे करून भलतीकडेच वाहत जाते.

आमच्या जिल्ह्यात हे समजायला सेलिंग क्लबची गरज नाही. २०२३ मध्ये शेजारच्या गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायकवाडीचं बॅकवॉटर ओलांडून शाळेत जातात, अशा बातम्या आल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या बातम्या वाचताना तेव्हा थर्माकोल किती पातळ आहे एवढंच मनात आलं होतं. आता वाचतो तेव्हा दुसरीही गोष्ट दिसते. तराफ्याला पाण्याखाली काहीच नाही. नाथसागरावर वारा सुटला तर तो नेईल तिकडे तराफा जाणार. बुडण्याआधी माणूस भरकटतो, ते असं.

मग फळी कायमचीच का बसवू नये? मोठ्या सागरी होडीला तसं करतात. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. हे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेल्या म्हादेईला खाली जड, खोल, पक्की कील आहे. पण अशी नौका काठाला आणता येत नाही. तिला खोल बंदर लागतं. उथळ पाण्यात, वाळूवर किंवा धरणाच्या चिखलात फिरायचं तर फळी वर-खाली व्हायला हवी.

त्यासाठी होडीच्या तळाला एक लांब चीर पाडतात. चिरेतून पाणी आत येऊ नये म्हणून तिच्यावर पाण्याच्या पातळीहून उंच अशी अरुंद पेटी उभी करतात. त्या पेटीत एका बोल्टवर फिरणारी फळी. आणि फळी फिरायची म्हणजे फळी आणि पेटी यांच्यात फट हवीच. लाकूड पाणी पितं, फुगतं. जुन्या वाड्याचा दरवाजा श्रावणात खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, तसं फट न ठेवलेल्या फळीचं होतं. फट आहे म्हणून फळी हलते, हलते म्हणून वाजते. खडखड ही त्या सोयीची किंमत आहे. किती किंमत द्यायची, एवढाच प्रश्न उरतो.

चित्रात न दिसलेला तळ

समुद्र नसलेल्या आमच्या जिल्ह्यात भारतातल्या जुन्या जहाजांच्या चित्रांपैकी सगळ्यात प्रसिद्ध चित्र आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात. साधारण पाचव्या शतकातलं. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, मागे सुकाणूची वल्ही आणि जहाजावर ओळीने मांडलेले रांजण. कथा पूर्ण नावाच्या बौद्ध भिक्षूची. तो मूळचा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याचा भाऊ चंदन भरून आणत असताना जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण त्याला वाचवतो.

म्हणजे कथा कोकणपट्टीवरच्या बंदराची आणि चित्र सह्याद्रीच्या अलीकडच्या डोंगरात. व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढून वर येत असत, त्यांच्याबरोबर समुद्रही वर आला.

या चित्रावरून नुकतंच खरं जहाज बांधलं गेलं. 'कौंडिण्य' त्याचं नाव. गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने, म्हणजे म्हादेई बांधणाऱ्या त्याच दांडेकरांच्या कंपनीने, केरळच्या कारागिरांना घेऊन ते बांधलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचलं.

पण बांधणाऱ्यांपुढे पहिली अडचण आली ती चित्रकाराची. त्याने शिडं काढली, दोर काढले, रांजण काढले. पाण्याखालचा तळ कसा होता, किती खोल होता, हे चित्रातून कळत नाही. नकाशा कोणी मागे ठेवलेला नाही. त्यामुळे तळाचा आकार अंदाजाने ठरवावा लागला आणि आयआयटी मद्रासच्या मदतीने त्याच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. एकाच बांधणाऱ्याने आधी खोल कीलची म्हादेई बांधावी आणि मग जवळजवळ कील नसलेलं हे जहाज बांधावं, हा योगही बघण्यासारखा आहे.

चौकोनी शिडं आणि उथळ तळ असलेल्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडी जाणं फार अवघड. मग त्या काळचे लोक अरबस्तानापर्यंत जाऊन परत कसे येत? उत्तर आपल्याला शाळेत भूगोलात शिकवलेलं आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. जायचं एका वाऱ्याने, यायचं दुसऱ्या वाऱ्याने, मधले महिने परक्या बंदरात काढायचे. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याकडे पाण्याखालची फळी नव्हती, पण पंचांग होतं. आडवं सरकण्याची अडचण त्याने लाकडाऐवजी काळ खर्च करून सोडवली. कौंडिण्यही मस्कतला निघालं ते हिवाळ्यातच.

आंग्र्यांचे गुराब

व्यापाऱ्याला थांबणं परवडतं. लढणाऱ्याला परवडत नाही.

अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांचे गुराब आणि गलबतं कोकण किनाऱ्यावर फिरत, तेव्हा समोर खोल तळाची इंग्रजी, पोर्तुगीज आणि डच जहाजं होती. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गुराबांचं वर्णन करून ठेवलंय. दोन डोलकाठ्यांचा गुराब सुमारे १५० टनांचा, तीन डोलकाठ्यांचा ३०० टनांपर्यंतचा. लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळता होत गेलेला, आणि पाण्यात फारच कमी बुडणारा. गलबतं त्याहून लहान. त्यांना ४०-५० वल्ही असत. वारा पडला की ही गलबतं गुराबांना दोर लावून ओढत शत्रूच्या अंगावर नेत.

आजकाल याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक फॉरवर्ड मेसेज सांगतो की आपली जहाजं जगात सर्वश्रेष्ठ होती. दुसरा सांगतो की आपल्याला धड कीलही बांधता येत नव्हती. दोघंही खाली वाकून तळ बघत नाहीत.

कोकणचा किनारा बघा. दर काही मैलांवर खाडी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. भरतीला आत जाता येतं, ओहोटीला नाही. अशा किनाऱ्यावर उथळ तळ हे हत्यार होतं. गुराब खाडीत शिरला की पाठलाग करणारं खोल जहाज बाहेर नुसतं उभं. वल्ह्यांमुळे वारा नसलेली दुपारही आपली. म्हणजे वाऱ्याच्या तोंडी जाण्याची ताकद सोडून देऊन आंग्र्यांच्या बांधणाऱ्यांनी खाडी विकत घेतली होती.

या सौद्याची पुरती जाणीव त्या काळच्या लोकांना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१६च्या सुमारास, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा-फणसासारखी रयतेची झाडं तोडू नका, हा त्यातला उपदेश सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याच आसपास वाऱ्याबद्दलही सांगितलंय. जहाजं फार थोरही नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्याची बाजू आपल्याकडे नसेल तर आपलं बळ कितीही असो, गाठ घालू नका, जवळच्या आपल्या जलदुर्गाच्या आश्रयाला या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नुसता सावधपणा वाटला होता. होडी चालवायला शिकल्यावर कळलं की हे तळाच्या आकाराचं वर्णन आहे. ज्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला चढून जाता येत नाही, त्याने तसं वागावं असंच ते वागणं आहे. तळाबद्दल एक शब्द न लिहिता अमात्यांनी तळ सांगितला.

किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं सैन्य विजयदुर्गावर आलं. पेशव्यांनी त्यांच्याशी हातमिळवणी केलेली होती. तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांजवळ नांगरलेली होती. त्यातल्या एकाला, इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या 'रिस्टोरेशन' या जहाजाला, आग लागली आणि ती पसरत जाऊन अख्खं आरमार एका दिवसात जळालं. या पराभवाला राजकारणाची कारणं मोठी आहेत, सगळा दोष तळावर टाकता येणार नाही. पण इतकी वर्षं ज्या आडोशाने जहाजं वाचवली, त्याच आडोशाला ती जळाली.

दोन्ही हवं असेल तर

उथळही राहायचं आणि वाऱ्याच्या तोंडीही जायचं, असा दुहेरी हट्ट जगात इतरत्रही होता. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर आणि पेरूच्या किनाऱ्यावरचे लोक बाल्सा लाकडाच्या ओंडक्यांच्या तराफ्यांना शिडं लावत. ओंडक्यांच्या फटींतून ते उभ्या फळ्या पाण्यात खुपसत आणि त्या कमी-जास्त खाली करून तराफा वळवतसुद्धा. या फळ्यांना ते 'ग्वारा' म्हणत. सोळाव्या शतकात तिथे गेलेल्या स्पॅनिश लोकांनी हे तराफे पाहून नोंदवून ठेवले आहेत. हॉलंडच्या उथळ पाण्यात होड्यांच्या दोन्ही अंगांना पंख्यासारख्या फळ्या बाहेरून लटकवत. वारा ज्या बाजूला ढकलतोय त्या बाजूची फळी खाली सोडायची. चीनच्या नद्यांवरही अशा फळ्या होत्या.

होडीच्या मधोमध चीर पाडून फळी आतून खाली सोडायची युक्ती ब्रिटिश नौदलात आणली जॉन शँक या अधिकाऱ्याने. १७७४ मध्ये बॉस्टनला त्याने अशी पहिली होडी बांधली. पुढे १७९८ मध्ये त्याच्या पद्धतीचं 'लेडी नेल्सन' हे साठ टनांचं छोटं जहाज पाण्यात उतरलं. त्याला एकामागे एक अशा तीन सरकत्या फळ्या होत्या. हे चिमुकलं जहाज थेट ऑस्ट्रेलियाला गेलं. उथळ, अनोळखी किनाऱ्याचे नकाशे काढायला त्याच्यासारखं दुसरं जहाज नव्हतं.

आणि मग फळ्या मोडल्या. १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याची पाहणी करत होता. लेडी नेल्सन त्याच्या जोडीला होतं. तिच्या फळ्या एकामागून एक आपटून निकामी झाल्या. फळ्या गेल्यावर ती वाऱ्याबरोबर आडवी सरकायला लागली, मागे पडायला लागली, आणि ऑक्टोबरमध्ये फ्लिंडर्सने तिला सिडनीला परत धाडलं. या तीन फळ्यांबद्दल जे तपशिलात वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं त्या मोडल्या म्हणून लिहिलं गेलं आहे.

सरळ वर-खाली सरकणारी फळी तळाशी आपटली की मोडते. बोल्टवर फिरणारी फळी आपटली तर मागे वळून पेटीत शिरते. ही सुधारणा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या स्वेन बंधूंची. १८११ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. आमच्या क्लबातल्या होडीची फळी याच जातीची. तिथल्या उथळ खाड्यांत ही फळी इतकी चालली की श्रीमंतांनी तिच्या भरवशावर मोठमोठ्या उथळ नौका बांधल्या. जुलै १८७६ मध्ये न्यूयॉर्कजवळ 'मोहॉक' नावाची अशीच अवाढव्य नौका, शिडं चढवलेली असताना, वाऱ्याच्या एका झोताने उलटली. मालक आणि त्याची पत्नी आतच बुडाले. सेंटरबोर्ड आडवं सरकणं थांबवतो, उलटणं थांबवत नाही. त्याला कीलसारखं वजन नसतं. हा फरक लोकांना तेव्हा कळला.

निळ्या शिडांची होडी

दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात न सुटणारे गोंद आणि चांगलं प्लायवूड साध्या माणसाच्या हातात आलं. इंग्लंडमध्ये लोक घरच्या गॅरेजमध्ये होड्या बांधायला लागले. १९५६ मध्ये जॅक होल्टने 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्रासाठी एंटरप्राइज रेखाटली. चार मीटरच्या आसपास लांब, दोन माणसांची, निळ्या शिडांची. चार वर्षांत ते वर्तमानपत्र बंद पडलं. होडी अजून चालू आहे.

मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा. सेलिंग म्हणजे साहेबांचा खेळ अशी त्याची प्रतिमा. पण लहान होड्या आल्या आणि खेळ लष्कराच्या केंद्रांत, मग धरणांवर पसरला. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतलं सेलिंग मुंबईच्या बंदरात झालं. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तिथे 'फायरबॉल' या सेंटरबोर्डच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. १९९४-९५चा खेलरत्न नौदलाच्या होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या जोडीला मिळाला. सेलिंगला खेलरत्न मिळालाय हे माझ्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं.

दुरुस्ती

आता आमची होडी. उलटी करून चार टायरांवर ठेवली आणि बोल्ट काढला. क्लबाच्या होड्या सांभाळणारे काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "आवाज सगळा घालवू नका हां. पूर्ण गप झाली की समजायचं, अडकली."

हे वाक्य मी वहीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवलं, कारण आवाज एक नव्हता, दोन होते आणि दोघांची कारणं वेगळी होती.

पहिला, ठक-ठक. फळीची जाडी २२ मिलिमीटर भरली आणि पेटीची आतली रुंदी ३०. म्हणजे आठ मिलिमीटरची मोकळीक. शिवाय बोल्ट दहा मिलिमीटरचा, पण फळीतलं भोक झिजून अंड्यासारखं झालेलं, लांबीला तेरा. लाट आली की फळी आधी पेटीवर आपटायची, मग बोल्टवर. बैलगाडीचं चाक आखावर झिजलं की जसं डुगडुगतं, तसंच.

भोक मोठं करून त्यात भुकटी मिसळलेलं इपॉक्सी भरलं. दोन दिवस वाळू दिलं आणि मग बरोबर मधोमध दहाचं नवं भोक पाडलं. यात घाई केली तर प्लायवूडच्या थरांत पाणी शिरतं आणि फळी आतून कुजते. भोकाच्या कडा म्हणून दोनदा इपॉक्सीने बंद केल्या. पेटीच्या आत, वर आणि खाली, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डाचं प्लास्टिक यासाठी उत्तम. पाणी पीत नाही, घासलं तरी गुळगुळीत राहतं, आणि भांड्यांच्या दुकानात मिळतं. प्रत्येक बाजूला दीड-दीड मिलिमीटर मोकळीक सोडली. फट आठवरून तीनवर आली. तळाच्या चिरेला दोन्हीकडून शिडाच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या मधोमध एकमेकींना टेकतात आणि पेटीत पाणी उसळत नाही. फळी खाली आली की बाजूला होतात, वर गेली की मिटतात.

दुसरा आवाज, गुणगुण. तो बोल्ट कितीही घट्ट केला तरी गेला नसता. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात, त्यातला हा प्रकार. पाणी फळीच्या दोन्ही अंगांनी मागे येतं आणि मागची कड जाड, गोल असेल तर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरे सुटत जातात. तारांच्या स्वराचं गणित व्हिन्सेन्ट्स स्ट्रूहालने १८७८ मध्ये मांडलं. भोवऱ्यांच्या या दुहेरी रांगेचं स्पष्टीकरण १९११-१२ च्या सुमारास थिओडोर फॉन कार्मानने दिलं.

गणित सोपं आहे. वेग भागिले कडेची जाडी, गुणिले साधारण ०.२. आमच्या फळीची मागची कड चार मिलिमीटर जाड होती. होडीचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरला, तर सेकंदाला सुमारे १२५ भोवरे येतात. हा आवाज कानाला नीट ऐकू येतो. त्यात फळी पेटीत सैल, म्हणजे तबल्याला शाई आणि घर दोन्ही मिळालेलं. मग मागची कड घासून दीड मिलिमीटरवर आणली आणि एका बाजूने तिरकी छाटली. कड तिरकी असली की दोन्ही बाजूंचे भोवरे एका तालात सुटत नाहीत, फळीला झुलवायची त्यांची एकी मोडते.

पाचव्या रविवारी होडी पाण्यात गेली. गुणगुण पूर्ण गेली. ठक-ठक उरली ती बारीक, कान दिला तर ऐकू येईल इतकी. काकांनी फळीची दोरी दोनदा ओढून-सोडून बघितली आणि मान हलवली. होडी मोडीत गेली नाही. आता तिच्यात आठवी-नववीची मुलं शिकतात.

खाली वाकून बघणं

लेडी नेल्सनच्या फळ्या, आज्ञापत्रातली माघार आणि अजिंठ्याच्या चित्रातला न दिसणारा तळ मी एकत्र ठेवून बघतो तेव्हा इतिहासाचा एक प्रश्न बदलतो. 'आपली जहाजं चांगली होती की वाईट?' याला उत्तर नाही. 'ती कुठल्या पाण्यासाठी बांधली होती आणि त्यासाठी काय सोडून दिलं होतं?' याला उत्तर आहे, आणि ते लाकडात मोजता येतं. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने वेळ सोडून दिला. आंग्र्यांनी वाऱ्याची वरची बाजू सोडून दिली. शँकने मजबुती सोडून दिली. स्वेन बंधूंच्या फळीने शांतता सोडून दिली. ज्यांना काहीच निवडू दिलं गेलं नाही, ती थर्माकोलवरची मुलं.

अजिंठ्याला गेलात तर २ क्रमांकाच्या लेण्यात थोडं थांबा. मोबाईलचा फ्लॅश चालत नाही, त्यामुळे डोळे अंधाराला सरावू द्या. शिडं आणि रांजण आपोआप दिसतील. ते बघून झाल्यावर नजर खाली आणा, जहाज पाण्याला जिथे टेकतं तिथे. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.